अक्मेची जागा

अंत्युखियातल्या सार्वजनिक हमामात मल्कियोन पस्तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या अंगाला तेल चोळून ते खरवडून काढत आला होता. माणूस उघडा झाला की खरं बोलतो, असा त्याचा अनुभव. निदान दुसऱ्याबद्दल तरी.

दर शनिवारी, शब्बाथाला, तो बायकोला, अक्मेला, घेऊन यहुद्यांच्या सभास्थानात जाई आणि दाराशेजारच्या बाकांवर बसे. ते बाक परराष्ट्रीयांचे, म्हणजे जन्मानं यहुदी नसलेल्यांचे. देव एकच हे पटलेलं, घरातल्या मूर्ती टाकलेल्या, डुकराचं मांस सोडलेलं, फक्त यहुदी व्हायला लागणारी सुंता झालेली नाही, अशांनी तिथं बसायचं. ऐकू सगळं यायचं. थंडीही यायची. अशी एकोणीस वर्षं गेली.

"उरकून टाका हो एकदाचं," अक्मे म्हणे. "तुम्ही आत गेलात की मीही आत. मेल्यावर तरी आपल्या माणसांत पडेन."

मूर्ती टाकल्या त्याच दिवशी माहेरच्यांनी तिलाही टाकलं होतं. आता तिची आपली माणसं म्हणजे सभास्थानातली. त्यांनी तिला अजून दाराच्या पुढं येऊ दिलं नव्हतं, ही बाब ती मनाला लावून घेत नसे.

मल्कियोन सभास्थानाच्या प्रमुखांना, एलाझारना, विचारी. ते दाढीवरून हात फिरवून म्हणत, "घाई नको. देवाची वेळ असते." मल्कियोनला हे उत्तर फार आवडे. चाळिशी उलटल्यावर सुरीखाली जायचं, वर हमामात रोज कमरेला फडकं गुंडाळून वावरायचं. देवाची वेळ जितकी लांबेल तितकी बरी. भीती आणि श्रद्धेनं वाट पाहणं यांतला फरक बाहेरून दिसत नाही. आतूनही फारसा दिसत नाही.

अक्मे तापानं गेली तेव्हा देवाची वेळ झालेली नव्हती. यहुद्यांच्या दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, वाटेत मेलेल्या परमुलखातल्या उंटवाल्यांच्या शेजारी तिला पुरलं. चाळीस दिवसांनी मल्कियोननं सुंता करून घेतली. वय अठ्ठावन्न. महिनाभर पाय फाकून चालला.

हमामातल्यांची करमणूक झाली. आतड्यात भरलेलं डुकराचं मांस विकणारा स्त्रातोन तर रोज विचारी, "काका, उरलेलं टाकलंत कुठं? मला द्यायचं होतं, वजनात भर पडली असती!"

मल्कियोनला पर्वा नव्हती. यहुद्यांतल्या जुन्या घरांची चाल अशी, की वर्षभरानं हाडं उकरून दगडी पेटीत भरायची आणि ती कायमच्या जागी ठेवायची. वर्ष भरलं की अक्मेला कुंपणाच्या आत आणायचं, एवढाच त्याचा बेत होता. आता तो हक्काचा माणूस होता.

वर्ष भरायला तीन आठवडे उरले असताना यरुशलेमहून येशूच्या शिष्यांचं पत्र आलं. येशूला मानणाऱ्यांच्या मंडळीत मल्कियोन अलीकडे जाऊ लागला होता, तिथं ते मोठ्यानं वाचलं. सार एवढंच, की परराष्ट्रीयांना सुंतेची गरज नाही. देवानं त्यांना आहेत तसेच आपले म्हटलं आहे. चार पथ्यं पाळा, पुरे. लोक रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. मल्कियोनही दोघातिघांच्या गळ्यात पडला. हात आपोआप चालत होते, तेल चोळताना चालतात तसे.

पुढच्याच आठवड्यात स्त्रातोननं बाप्तिस्मा घेतला आणि मंडळीच्या जेवणात भाकर मोडायला नेमका मल्कियोनच्या शेजारी बसला.

"काका, राग धरू नका. मीही याच घरात येणार, हे मला काय ठाऊक! पण तुमची जरा घाईच झाली."

"एकोणीस वर्षं," मल्कियोन म्हणाला. "घाईच ती."

वर्ष भरलं तसा तो एलाझारकडे गेला.

"तू आमचा," एलाझार म्हणाले. "तुझी जागा आत, भिंतीकडेची, सावलीची. पण ती मेली तेव्हा परकी होती. मेल्यावर कुणी यहुदी होत नाही, बाबा."

"थांब असं तुम्हीच म्हणाला होतात, दादा."

"मी म्हणालो. तू का ऐकलंस?"

याला मल्कियोनकडे उत्तर होतं. ते सांगण्यासारखं नव्हतं. मग तो मंडळीच्या पुढाऱ्याकडे गेला. तो तरुण आणि उत्साही होता.

"आत आणि बाहेर आता उरलंच कुठं, काका! देवानं भिंत पाडली."

"मग तिला कुठं ठेवू?"

"कुठंही ठेवा. सगळी जमीन त्याचीच."

एकानं सांगितलं, तिला आत येता येत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, आत असं काही नसतंच. दोघंही प्रेमानं बोलले.

दगडी पेटी एकट्याला उचलेना, म्हणून स्त्रातोन बरोबर आला. मल्कियोननं हाडं एकेक करून पेटीत ठेवली आणि कुंपणाबाहेरचाच तो खड्डा दाखवला.

"रुंद कर. दोघांपुरता."

"दुसरं कोण?"

"मी."

"अहो, तुम्हाला तर आत जागा आहे! त्यासाठीच ना एवढं सोसलंत?"

"देवाला सगळ्यांना घ्यायचंच होतं, तर वर्षभर आधी घ्यायला काय झालं होतं, हे मला विचारायचंय," मल्कियोन म्हणाला. "ते हिच्याजवळून विचारीन. खण."