मंगळवारी झोपणारी पेटी

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्ही मला ओळखत असता तर हसला असता, कारण माझ्या पोटात काही राहत नाही अशीच माझी ख्याती आहे. नाशिकमधल्या आमच्या कॉलनीत कुणाकडे काय चाललंय हे बायका आधी मला विचारतात. पण ही एक गोष्ट मी सहा वर्षं गिळून बसले आहे. आज सांगते. घाबरत घाबरत सांगणार नाही, तो माझा स्वभाव नाही.

आधी माझी थोरवी ऐकून घ्या — तीही खोटी नाही. मी अभियांत्रिकी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बिनतारी संदेशवहन हा माझा विषय, आणि त्यात माझा हात धरणारं आमच्या विभागात कुणी नाही. हे मी मिरवते, मिरवायला लाजत नाही. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यासाठी मी एक पेटी बनवली. जेवणाच्या डब्याएवढी, वर सौर पॅनल. पाड्याच्या आसपास अशा सात पेट्या बसवल्या. टॉवर लांब, सडकेच्या कडेला, मध्ये डोंगर. पाड्यातल्या माणसानं मोबाइलवरून निरोप लिहिला की तो जवळच्या पेटीत जायचा, एका पेटीतून दुसरीत, आणि ज्या पेटीला त्या घडीला टॉवरची रेंज असेल तिच्यातून बाहेर.

ऐकायला सोपं आहे ना? गोम पुढे आहे. डोंगरात रेंज एका जागी थांबत नाही. सकाळी पाण्याच्या टाकीपाशी असते, दुपारी शाळेच्या छपरावर. सगळ्या पेट्या दिवसभर टॉवर शोधत बसल्या तर बॅटरी दुपारीच मान टाकते. म्हणजे आत्ता रेंज कुठे असेल हे पेटीला आधीच कळायला हवं. माझा शोध तोच — पेटी स्वतःहून शिकते. माझ्या पेटंटच्या कागदावर हेच लिहिलं आहे. पेटी स्वतःहून शिकते.

ती शिकत नव्हती.

उन्हाळाभर शिकली, हे खरं. पण पाऊस पडून रान भरलं आणि सगळं शिकलेलं विसरली. मी प्रोग्राम तीनदा मोडून पुन्हा लिहिला. काही उपयोग नाही. आणि प्रकल्पाला निधी द्यायचा की नाही हे ठरवणारं परीक्षक मंडळ यायला आठ दिवस उरले होते. अशा वेळी माणूस काय करतो? माझ्यासारखं माणूस — ज्यानं कधी हार मानली नाही, आणि मानायची तयारीही नाही?

इथे हिरा येते. पाड्यावरची आशाताई. बाळंतिणी, लसी, तापाचे रुग्ण — सगळ्यांची माहिती तिला रोज मोबाइलवरून वर पाठवावी लागायची, आणि त्यासाठी रोज रेंज शोधत डोंगरभर हिंडावं लागायचं. उगाच पायपीट नको म्हणून तिनं एक वही ठेवली होती. शंभर पानी, शाळेतल्या मुलांची असते तशी. वार, वेळ, जागा, आणि मोबाइलच्या कोपऱ्यात रेंजच्या कांड्या किती — एक, दोन की तीन. तीन वर्षांच्या नोंदी. मध्ये मध्ये बारीक अक्षरात शेरे. ‘साग पानावर आला का टेकाडाची रेंज जाते.’ ‘धुकं असलं तर टाकीपाशी थांबायचं, अकरानंतर येते.’

तिनं ती मला सहज दाखवली, आणि मी तिच्या ओट्यावर बसून पानं वाचत गेले. पेटीनं जे शिकावं म्हणून मी दोन वर्षं झटत होते ते या बाईनं चालून चालून शिकलेलं होतं. पाचवा की सहावा विचार असेल, पण आला — हे सरळ पेटीत भरलं तर?

हिराकडून वही मागून घेतली. तिनं लगेच दिली, वर चहा पाजला. मी चार दिवस बसून सगळा तक्ता टंकला, सातही पेट्यांच्या डोक्यात भरला, आणि पेट्या अशा चालल्या की मीच टाळ्या वाजवल्या. पेटंटच्या फाइलला पुरावा म्हणून वहीच्या पहिल्या काही पानांची झेरॉक्स जोडायची होती. पहिल्याच पानावर वर तिचं नाव होतं, निळ्या शाईत, खाली रेघ मारलेली. मी लग्नपत्रिकेच्या पाकिटाची एक पट्टी कापली आणि नावावर ठेवून झेरॉक्स मशीनचं झाकण बंद केलं. झेरॉक्स छान आली. वर मथळा दिला, ‘यंत्राने गोळा केलेल्या क्षेत्रीय नोंदी (हस्तलिखित उतारा)’.

तुम्ही म्हणाल, झालं, चोरी केली, हीच कबुली. नाही. अजून पुढे आहे.

परीक्षक आले तो वार मंगळवार. मी कॉलेजच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. पाड्यावरून हिरा निरोप पाठवणार, तो इथे नाशिकला पडद्यावर उमटणार. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, पडदा कोरा. आणि मग एकदम लख्ख कळलं. मंगळवारी शेजारच्या गावी बाजार असतो. हिरा दर मंगळवारी सकाळी आठला बाजाराला जायची, दोनला परत यायची. त्या वेळातल्या रेंजची नोंद तिच्या वहीत नव्हतीच! तीन वर्षांतले सगळे मंगळवार, आठ ते दोन, कोरे. मी ते कोरे रकाने जसेच्या तसे भरले होते. पेटी समजली, या वेळात कुठेच रेंज नसते. म्हणून आलेले निरोप पोटात ठेवून, टॉवर न शोधता ती झोपली होती.

आणि माझी जीभ बघा. एका क्षणाचाही खंड पडू न देता मी परीक्षकांना म्हणाले की हीच तर पेटीची कमाल आहे — बाजाराच्या दिवशी पाडा रिकामा असतो हे तिनं आपोआप ओळखलंय, म्हणून ती विश्रांती घेऊन बॅटरी वाचवते. दोन वाजता उठेल, बघाच.

आम्ही जेवून आलो. दोन वाजले, आणि पडद्यावर एकापाठोपाठ अकरा निरोप पडले. सगळे हिराचे, सगळे एकच. ‘ताई मी हाय इथं.’ ती त्या दिवशी बाजाराला गेलीच नव्हती. माझ्यासाठी सकाळपासून पेटीशेजारी उभी राहून बटण दाबत होती. परीक्षक खुश झाले. एकानं तर ‘बाजारदिनाची विश्रांती’ हे पेटंटमध्ये वेगळं कलम म्हणून घाला, असं सुचवलं. मी घातलं.

पुढे सत्कार झाले. कॉलनीतल्या विहारातही झाला. सगळ्यांबरोबर मी पंचशील म्हटलं, खोटं बोलणार नाही हे चौथं शील सगळ्यांत मोठ्या आवाजात, कारण माझा आवाजच मोठा आहे. समोर वडील बसले होते. जन्मभर कारकुनी केलेला माणूस. टिपणं त्यांनी लिहायची आणि सही साहेबांची असायची. हे ऐकतच आम्ही वाढलो. ‘आपल्या कामाखाली आपलंच नाव पाहिजे,’ असं ते म्हणायचे. त्या दिवशी ते रडले. पोरीच्या कामाखाली पोरीचं नाव होतं.

मला तेव्हा लाज वाटली का? खरं सांगू? नाही वाटली. छाती फुगली होती. प्रोग्राम माझा, पेटी माझी, रात्रंदिवसाची मेहनत माझी — असं मी मनात म्हणत होते आणि ते मला पटतही होतं.

महिन्याभरानं हिरा नाशिकला आली. द्वारका चौकात जीपमधून उतरून, रिक्षा करून थेट कॉलेजात. पेट्या आता आसपासच्या वीस पाड्यांवर बसणार होत्या, आणि त्यांची देखभाल करायला एक संस्था तालुक्यातूनच माणूस घेणार होती. कायमची नोकरी. हिरानं अर्ज केला होता. नवरा कंबरेनं अधू, दोन मुली शिकणाऱ्या; आशाताईच्या कामात घर भागत नव्हतं. ती म्हणाली, “ताई, तुमी फकस्त एक शबुद टाका.”

मी हो म्हणाले, मनापासून म्हणाले. मग कौतुकानं तिला प्रयोगशाळेत नेलं, पडदा दाखवला, चालू पेट्यांचे हिरवे ठिपके दाखवले. आठवड्याच्या तक्त्यात मंगळवारची सकाळ कोरी होती. तिनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि खळखळून हसली.

“मंग ही पन माझ्यासारखी बाजाराला जाते का काय?”

बस्स, एवढंच. माझ्याकडे बघितलं, पदरानं तोंड पुसलं आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं. तिला कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं. आणि मी — जिला पाचशे माणसांसमोर बोलताना कधी घाम फुटला नाही — मी तिला चहा पाजला आणि नसलेल्या तासाचं निमित्त करून उठले.

चार दिवसांनी संस्थेतून फोन आला. हिराच्या अर्जात तिनं लिहिलं होतं की या प्रकल्पात तिनं काम केलं आहे. काय काम? तांत्रिक काही जमतं का तिला?

माझ्या डोळ्यांपुढे काय आलं सांगू? तिच्या मुली नाही आल्या. वही नाही आली. ती पट्टी आली. ही बाई नोकरीला लागली तर पेट्या उघडणार, तक्ते बघणार, आणि एक दिवस हसत हसत कुणाला तरी सांगणार — अहो, ही तर माझीच वही. मी शांत, भारदस्त आवाजात उत्तर दिलं. या आवाजावर माणसं विश्वास ठेवतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

“नाही हो, तांत्रिक काही नाही. आमच्या पेट्या डोंगरावर उचलून न्यायची ती.”

हे ते वाक्य. वही घेतली ते मी कदाचित कधीतरी हसत सांगितलंही असतं. हे वाक्य कुणाला सांगितलं नाही. आजवर नाही. पलीकडच्या माणसानं आभार मानून फोन ठेवला, आणि मी पुढच्या तासाला वर्गावर गेले. छान शिकवलं त्या दिवशी.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. हिराचा निरोप आला, पेटीतूनच. ‘नाय झालं ताई. तुमी सांगितलं असल, माझंच नशीब नाय.’ मी उत्तर लिहिलं की वाईट वाटलं. तिची थोरली मुलगी नर्सिंगला जाणार होती, ती गेली नाही. द्राक्षाच्या बागेत कामाला लागली.

आज पेट्या वीसच्या वीस पाड्यांवर आहेत आणि उत्तम चालतात. कशा चालतात, तेही सांगते. नव्या पाड्यावर आमची माणसं आधी जातात आणि रोज रेंज शोधणारी एखादी बाई गाठतात, तिला सगळं विचारतात, लिहून घेतात, पेटीत भरतात. अहवालात याला आम्ही ‘पेटीचा शिकण्याचा काळ’ म्हणतो. हा शब्द माझा आहे.

पहिल्या पाड्यावरची पेटी अजून मंगळवारी सकाळी झोपते. दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागतील, जास्त नाही. पण ती जागी झाली तर पेटंटमधलं ते कलम खोटं ठरेल, आणि कुणी तरी विचारेल की पेटी शिकलेलं विसरली कशी. म्हणून मी हात लावलेला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही.

मागच्या पावसाळ्यात आमचा एक तंत्रज्ञ तिकडून परत आला आणि सहज बोलून गेला की त्या पाड्यावरची आशाताई आता बाजाराला जात नाही. मंगळवारी बाकी सगळे जातात, म्हातारी माणसं आणि लहान मुलं मागे राहतात, आणि पेटी बंद असते. कुणाला काही झालं तर निरोप कसा जाणार? म्हणून ती आपला मोबाइल घेऊन आठ ते दोन पाण्याच्या टाकीपाशी बसते. तिथे रेंज असते, तीन कांड्या. मंगळवारीसुद्धा असते.

मी ऐकलं, मान हलवली, आणि त्याला पुढच्या पाड्याचं विचारलं.

वही माझ्या कपाटात आहे. मी ती परत केलेली नाही, आणि तिनं कधी मागितली नाही. फाइलमधल्या झेरॉक्सवर वरच्या बाजूला एक पांढरी जागा दिसते, बोटभर रुंद. तिथे लिहिलं होतं: हिरा काशिनाथ भोये.