मास्तरांची ओली अक्षरं

चिनी मास्तर पाण्यानं लिहायचे. सकाळची अंघोळ उरकली की ओसरीतल्या शहाबादी फरशीवर उकिडवे बसायचे. शेजारी पितळी वाटीत पाणी आणि हातात स्वतः तयार केलेला कुंचला, बोरूच्या टोकाला बकऱ्याच्या शेपटीचे केस बांधलेला. काळसर फरशीवर एकेक चिनी अक्षर ओलं, चकचकीत उमटायचं आणि पुढची ओळ लिहून होईपर्यंत मागची वाळून गेलेली असायची. त्यांची आई, जिला सगळी गल्ली अम्मा म्हणायची, पाण्याची घागर घेऊन आली की दाराशीच थांबायची. मुलाच्या अक्षरांवर पाय पडू नये म्हणून ती वाळेपर्यंत तशीच उभी राहायची. कागद परवडत नाही म्हणून का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "ते तर हायेच. पण हे वाळलं की जातं, म्हणून उद्या परत लिहावं लागतं. कागदावर असतं तर एकदा लिहून झोपून राहिलो असतो, कारकूनसाहेब."

कारकूनसाहेब म्हणजे मी. उस्मानाबादेत कलेक्टर कचेरीत नुकताच चिकटलो होतो, नोकरी कायम झाली नव्हती, आणि मास्तरांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली होती. मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. गाव त्यांचं तेर. पाऊस पडून गेला की तिथल्या जुन्या वस्तीच्या, पांढरीच्या टेकाडांवर रंगीत मणी नि जुनी खापरं उघडी पडतात. लहानपणी ती वेचता वेचताच आपलं गाव किती जुनं असेल हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. उर्दूतून शिकलेला हा माणूस निजामाचं राज्य विलीन झाल्यावर मराठीतून परीक्षा देऊन मास्तर झाला, पुण्यात राहून एका म्हाताऱ्या चिनी प्राध्यापकांपाशी चिनी शिकला आणि त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घालून परत आला. फार पूर्वी जे चिनी भिक्षू आपल्या मुलखात आले, त्यांनी इथल्याबद्दल लिहून ठेवलेलं मुळातून वाचायचं आणि त्यात कुठं तेर सापडतं का ते बघायचं, हा त्यांचा विषय. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत ते खव्याचे पेढे घेऊन एस.टी.नं पुण्याला गुरुजींकडं जायचे आणि येताना वाचून वाचून तांबारलेले डोळे घेऊन यायचे.

हिंदी-चिनी भाई-भाईचे दिवस होते ते. गावाला मास्तरांचं कौतुक होतं आणि कौतुकाइतकीच थट्टाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात कुणीतरी रोज विचारायचंच. एकदा मालकानं विचारलं, "मास्तर, चिनीत आपल्या चहाला काय म्हणतेत?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "चा. आपण म्हणतो तसं चाच." हॉटेलात हसू फुटलं. "मग एवढं पुण्याला जाऊन शिकलाव काय?" सगळ्यात जास्त मास्तरच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मीही विचारायचो. माझा प्रश्न ठरलेला असायचा, की इथल्या माणसांबद्दल त्या भिक्षूंनी काय लिहिलंय? ते कधी सांगायचे नाहीत. "प्रबंध पुरा होऊ द्या. कच्चं बोलायचं नसतं." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. शाळेतल्या पोरांनी एखादी सनावळी अंदाजानं ठोकून दिली तरी हेच म्हणायचे.

प्रबंधासाठी मात्र कागद लागायचाच. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. एका चिठ्ठीवर एकच शब्द, खाली त्याचा अर्थ आणि तो कुठं कुठं आलाय त्या जागा. सहा-सात वर्षांचं काम एका पत्र्याच्या ट्रंकेत मावलं होतं. आतल्या खोलीचं माळवद गळायचं, म्हणून ती ट्रंक माझ्या खाटेखाली असायची. संध्याकाळी मास्तर दारात उभे राहून "येऊ का?" असं विचारत, आपल्याच घरात, आणि ट्रंक ओढून जमिनीवर बसत.

मग ती दिवाळी आली. सरहद्दीवर चीनशी लढाई सुरू झाली होती आणि रेडिओपुढं माणसं गोळा होत होती. पोरं मास्तरांच्या मागं ओरडू लागली. हॉटेलात त्यांच्या बाकावर कुणी बसेना. मास्तर पुण्याला जाणार होते ते राहिलं, आणि गुरुजींकडून पत्र येणंही बंद झालं. एके दिवशी कचेरीत आमच्या हेडक्लार्कनं फायलीतून डोकं न काढता मला विचारलं, "तुमच्या घरमालकाकडं चिनी कागदं हायेत म्हणं ट्रंकभर?"

ट्रंक माझ्या खाटेखाली होती.

घरी येऊन मी मास्तरांना ते सांगितलं. त्यांनी खाटेखालची ट्रंक पुढं ओढली. मग म्हणाले, "तुमच्या गावी नेऊन ठेवता का? तुळजापूरच्या गर्दीत एका ट्रंकेकडं कोण बघतंय? हे वातावरण निवळलं की आणू परत."

आमचं घर तुळजापुरात होतं. यात्रेकरूंची गाठोडी नि ट्रंका आमच्या माडीवर कायम पडलेल्या असायच्या, त्यातली कुणाची कुठली हे आम्हालाच कळायचं नाही. मी हो म्हणालो असतो तर एस.टी.चा तासाभराचा रस्ता होता. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही मुसलमान, त्यात चिनी शिकता. तुमचं कोण ऐकून घेईल? त्यापेक्षा ते घरात नसलेलंच बरं." हे मी त्यांच्या काळजीनं बोलतोय असं मला तेव्हा खरंच वाटलं. माझी नोकरी जाईल, हे वाक्य मी तोंडातून काढलं नाही.

आतून अम्मा म्हणाली, "जला डाल बेटा. अब्बा ने भी जलाए थे." पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत मास्तरांच्या वडिलांनी, निजामाच्या महसुलात होते ते, घरातले सगळे फारसी-उर्दू कागद जाळले होते. कुणी झडती घ्यायला यायच्या आत जाळून मोकळं व्हायचं, हे त्या घराला ठाऊक होतं. मलाही ते ठाऊक होतं, म्हणूनच माझं बोलणं तिथं इतक्या लवकर पटलं.

सकाळी अम्मानं बंब भरला. मास्तर ट्रंक घेऊन बंबाशेजारी बसले. मला वाटलं होतं, मूठ मूठ टाकतील. ते एकेक चिठ्ठी उचलायचे, ओठातल्या ओठात तो शब्द म्हणायचे आणि मग खालून आत सरकवायचे. अम्मा पदरानं तोंड झाकून बाजूला उभी होती, फरशीवरची अक्षरं वाळायची वाट बघावी तशी. पाणी उकळून गेलं तरी ट्रंक संपली नव्हती. मास्तर म्हणाले, "कारकूनसाहेब, अंघोळ करून घ्या. तुम्हाला कचेरीला उशीर होईल." मी त्या पाण्यानं अंघोळ केली आणि कचेरीत गेलो.

झडतीला कुणी आलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. हेडक्लार्कनं पुन्हा विषयही काढला नाही. बहुधा त्यानं तो सहजच काढला असावा.

अम्मा पुढं कितीतरी दिवस सकाळी ओसरीत पाण्याची वाटी ठेवायची आणि मास्तर त्या वाटीच्या शेजारून शाळेला निघून जायचे. पुण्याच्या गुरुजींचा ठावठिकाणा नंतर कुणालाच सांगता आला नाही. पुन्हा सुरुवात करा, असं मी एकदोनदा म्हणालो. मास्तरांनी पोरांचे पेपर तपासायला घेतले. पुढं काही वर्षांनी ते तेरला गेले आणि तिथंच वारले, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

मी त्याआधीच उस्मानाबाद सोडलं होतं. नोकरी कायम झाली आणि नांदेडला बदली झाली. सामान भरायला काही नव्हतं, तर मास्तरांनी ती ट्रंक पुढं केली. "रिकामीच पडलीय," म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही. स्टँडवर ते पोचवायला आले. गाडीला वेळ होता. मी तोच जुना प्रश्न विचारला, की आता तरी सांगा, आमच्याबद्दल त्यांनी काय लिहिलंय?

आज वाटतं, विचारायला नको होतं. मास्तर समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत होते.

"चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "अडचणीत कुणी दारात आला, तर इथली माणसं स्वतःचं काय होईल ते बघत बसत न्हायीत, असं लिहिलंय."

त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. मी ती शोधली, अजूनही शोधतो. गाडी लागली तसे ते वाकले, ट्रंकेची एक कडी त्यांनी धरली आणि दुसरी मला धरायला सांगितली.