निरोपाचे पान

संस्थानात महाराजांची कारकीर्द होती तेव्हा आमच्या पेठेत खोगिरे शिवणारा एक गृहस्थ होता. तापात त्याचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून तो बोलणे ओळखी. मी दाढी राखली तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, तोंडावर गवत वाढवलंसा. आता तुमचं बोलणं वाचू कसं?" मी ती लगेच उतरवली.

त्याची आई रात्री, दिवा नसताना वारली. तिचे अखेरचे शब्द त्याला कळले नाहीत. एका कादंबरीतील आई मरताना मुलाला निरोप देते; ते पान तो रोज दुपारी काम थांबवून वाची.

त्या कादंबरीचा मूकपट गावात आला. "आता ती बोलताना दिसंल की," म्हणत तो मला तंबूत घेऊन गेला. आईचे काम एका पुरुष नटाने केले होते. पडद्यावर निरोपाची अक्षरे उमटली आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. हा मात्र उठून बाहेर गेला.

बाहेर दिव्याखाली मी कारण विचारले.

"तुमी अक्षरं वाचलासा. म्या त्वांड बघितलं. त्यो म्हणत हुता, 'ऊन लै हाय, उरका लवकर.'"

दुसऱ्या दिवशी त्याने कादंबरी माझ्या हाती ठेवली. पुस्तकातले शब्द बदललेले नाहीत, असे मी सांगितले. त्याने माझे ओठ शेवटपर्यंत पाहिले.

"पान उघडलं की ती आता उन्हाचंच बोलती, मास्तर."