पंपाखालचा पांढरा डाग

लष्करातली माझी शेवटची पोस्टिंग बर्फाच्या डोंगरात होती. मी हवालदार, वाहन मेकॅनिक, गाव इब्रामपूर. ताब्यात तेरा गाड्या, त्यांत सर्वात म्हातारी एक जीप. ती चालवायचा लान्स नाईक बाबल गावस, मुळगावचा, माझ्यासारखाच गोव्याचा. दोघंच असलो की आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. बाकीच्यांना वाटायचं, भांडतायत.

रोज ०५३० ला गाड्या स्टार्ट व्हायच्या. मी बॉनेटशी उभा राहून नुसता ऐकायचो. टकटक असली तर टॅपेट, चीं केलं तर बेल्ट. त्या आठवड्यात जीपमधून जात्यासारखी घरघर यायला लागली. रेस दिली की वाढायची.

"उस्ताद, गाडी रोज पाणी पिता. खंय गळता ता दिसना नाय," बाबल म्हणाला.

खाली जमीन कोरडी होती. वॉटर पंपाखाली मात्र पांढरा, खरबरीत डाग होता. तिथून इंजिन थंड ठेवणारं कुलंट झिरपतं आणि गरम इंजिनवर सुकून जातं, थेंब खाली पडतच नाही. पंपाचं बेअरिंग गेलंय, हे मला कळलं होतं. पण नवा पंप यायला आठवडा लागणार होता, आणि मी पडलो गोव्याचा. आमच्याकडे रेडिएटर रिकामा झाला की विहिरीचं पाणी ओततात आणि गाडी बाजाराला नेतात.

"पाणी घाल आणि चालव," मी म्हणालो.

सहा दिवस त्याने रोज लिटरभर पाणी घातलं. कुलंट त्या थंडीत टिकतं, साधं पाणी गोठतं. नव्या जवानांना हे मीच शिकवायचो.

सातव्या दिवशी थंडी एकदम वाढली. ०६१० ला जीप वरच्या पोस्टकडे निघाली, आत एकटा बाबल. घरघर नेहमीपेक्षा मोठी होती. मी ऐकली, आणि हात हलवून जाऊ दिलं.

०६४० ला वायरलेस सेटवर बाबल बोलला.

"इंजिन गरम. गाडी बंद. ओव्हर."

"जागा सांग. ओव्हर."

"दुसरं वळण. स्लाइड झोन. ओव्हर."

स्लाइड झोन म्हणजे वरून बर्फ कोसळायची जागा. रेडिएटरमधलं पाणी गोठून फिरायचं थांबलं होतं, म्हणून इंजिन उकळलं होतं. मला ते तिथे बसल्या बसल्या समजलं.

"गाडी सोड. चालत मागे ये. ओव्हर."

"उस्ताद, पाणी घालून येतंय. दोन मिनटां. ओव्हर."

मी तीनदा हाक मारली. वरून गडगडाट आला, मग सेटवर नुसती खरखर.

११२० ला बाबल सापडला. पाण्याचा कॅन हातातच होता. चौकशीत हिमस्खलन लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण तो माझ्यामुळे गेला.

आता डिचोलीत माझं छोटं गॅरेज आहे. गेल्या महिन्यात बाबलचे वडील त्यांची जुनी कार घेऊन आले. तीच घरघर. पंपाखाली तोच डाग.

"पाणी घाल रे, फोंड्याक जावचा आसा," त्यांनी बाटली पुढे केली. "बाबल पण तसाच करी."

इतकी वर्षं मी त्यांच्याकडे चतुर्थीला जातो. कधी बोललो नव्हतो.

"काका, तिथे पाणी घालायला त्याला मीच सांगितलं होतं," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी वाकून त्या डागावरून बोट फिरवलं. मग बाटली खाली ठेवून चावी माझ्या हातात दिली.

"मगे ह्यो पंप तूच बदल," ते म्हणाले. "मी थांबतंय."