तीन नंबरला चढायचं, सोळाला उतरायचं

सोलापुरात सात रस्ता चौकात पांढरी व्हॅन लावून उभा राहणारा गुरुलिंग पस्तीस वर्षं गाडी चालवत आला, पण पाटी वाचून त्यानं ती कधी वळवली नाही. तो विचारायचा. काच खाली करायची, मान बाहेर काढायची आणि पहिला जो दिसेल त्याला हाक घालायची, "ओ मालक, हा रस्ता कुटं जातोय?" पानवाला, पंक्चरवाला, शेळ्या राखणारी म्हातारी, कुणीही चालायचं. त्याचं म्हणणं असं, की पाटी एकदा लावली की लावली, माणसाला मात्र आज सकाळी पूल बंद झालाय हेही ठाऊक असतं. म्हणणं खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं.

खरं कारण असं, की गुरुलिंगची शाळा अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यात झाली, तीही कानडी, तीही चौथीपर्यंत. मराठी बोलायला तो कुणाला हार जायचा नाही, पण वाचायला बसला की एकेका अक्षरापाशी गाडी घसरायची. इंग्रजीतले आकडे तेवढे ओळखीचे. स्टँडवर कुणी लग्नपत्रिका पुढं केली की तो खिसे चाचपून म्हणायचा, "च्या मायला, चष्मा घरी ऱ्हायला." हे तो पंचविशीपासून म्हणत होता, आणि चष्मा लागला पन्नाशीला.

पोरगी झाल्यावर त्याची मोठी सोय झाली. चंद्रिका वाचायला लागली तशी सुट्टीच्या दिवशी पुढच्या सीटवर बसायची. चौक जवळ आला की गुरुलिंग मास्तरासारखा आवाज काढायचा, "सांग बघू, काय लिहिलंय?" ती मोठ्यानं वाचायची, तो "शाब्बास" म्हणायचा आणि तिनं वाचलेल्या बाजूला मुकाट गाडी वळवायचा. बाप आपली परीक्षा घेतोय, असं पोरीला वाटायचं. निदान गुरुलिंगची तरी तशी समजूत होती.

तीच चंद्रिका नर्स झाली आणि तिला मस्कतच्या दवाखान्यात नोकरी लागली. हैदराबादहून मंगळवारी संध्याकाळचं विमान होतं. ती सोमवारी दुपारच्या गाडीनं दोन मैत्रिणींबरोबर पुढं गेली, रात्री त्यातल्या एकीच्या मावशीकडे मुक्काम. स्टेशनवर गुरुलिंगनं बॅगा चढवल्या, त्याच्या बायकोनं, चंद्रव्वानं, डोळे पुसले, सगळं रीतसर झालं.

मंगळवारी सकाळी सहाला चंद्रव्वाचा फोन वाजला. "अव्वा, पासपोर्ट कुटं हाय? कव्हर नुसतंच हाय की!"

चंद्रव्वाचा हात आपोआप देव्हाऱ्याकडे गेला. त्या घरात कुठलीही महत्त्वाची वस्तू रात्रभर देवापुढं राहिल्याशिवाय बाहेर पडत नसे. निकालाचा कागद असो, नवं सिमकार्ड असो, आधी विभूतीचं बोट, वर बेलाचं पान, आणि मग सकाळी उचलायची. या भक्तीपायी एकदा व्हॅनची किल्लीच बेलाखाली राहिली होती आणि गाणगापूरचं भाडं तासभर दारात ताटकळलं होतं. आताही बेलाची पानं बाजूला केली तर खाली निळा पासपोर्ट, तीन बोटं विभूती लावून, शांत निजलेला.

चंद्रव्वा मटकन खाली बसली. "म्याच ठिवला की ओ. माज्याच हातानं."

"रडत बसू नगं," गुरुलिंग म्हणाला. त्याला खरं तर ओरडायचं होतं, पण ओरडायला वेळ नव्हता. फोनवर चंद्रिका सांगत होती. "अप्पा, तीनच्या आत पायजे. त्याच्यानंतर आत गेले तरी काउंटर बंद होतंय. आज न्हाय गेले तर ते लोक दुसरीला घेत्यात."

सात वाजता व्हॅन बोरामणीच्या पुढं होती. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात, छातीशी. बाजूच्या सीटवर चंद्रव्वानं कोंबलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि पुढं बटणांचा फोन. चंद्रिकानं घेऊन दिलेला टचचा फोन कपाटात होता, कारण तो बोट लावलं की भलत्यालाच लागतो, अशी गुरुलिंगची तक्रार.

नळदुर्ग गेलं, उमरगा गेलं. हुमनाबादपर्यंतचा रस्ता त्याच्या पायाखालचा. कर्नाटकातला तो तुकडा आला की त्याला नेहमीच जरा बरं वाटायचं, दुकानांवरची अक्षरं आपसूक तोंडात यायची. पण जहिराबादच्या अलीकडे मागचं चाक बसलं. जादाचं चाक काढलं तर तेही मऊ. पंक्चरवाला दोन किलोमीटर मागं. या सगळ्यात सव्वा तास गेला आणि गुरुलिंगनं स्वतःला, चाकाला आणि चाक गेल्या महिन्यात तपासतो म्हणून न तपासलेल्या स्वतःलाच पुन्हा एकदा यथेच्छ शिव्या घातल्या.

संगारेड्डीजवळ त्यानं चंद्रिकाला फोन लावला. ती विमानतळाच्या दाराबाहेर बॅगांवर बसून होती, मैत्रिणी आत गेल्या होत्या. "अप्पा, नीट ऐका. पाटनचेरूला मोठा रिंग रोड लागतोय. तितं तीन नंबरला चढायचं, सोळा नंबरला उतरायचं. शमशाबाद. मधी कुटंच उतरू नका."

"तीनला चढायचं, सोळाला उतरायचं. लई सोपं हाय की," गुरुलिंग म्हणाला.

रिंग रोडच्या तोंडाशी टोलच्या खिडकीत एक तरुण बसला होता. गुरुलिंगनं सवयीनं मान बाहेर काढली. "एअरपोर्ट कुटं, भाऊ?" तरुणानं हातानं एक वळण दाखवलं, "उधर से, चाचा," म्हणाला, मागच्या गाडीनं हॉर्नवर हात ठेवला आणि व्हॅन त्या वळणावरून वर चढली.

वर आल्यावर गुरुलिंगनं वेग कमी केला. एवढा रुंद रस्ता त्यानं पाहिला नव्हता. एका बाजूलाच चार पट्टे, दोन्हीकडं कठडे, आणि गाड्या अशा सुटलेल्या की बघायलाही फुरसत नाही. टपरी नाही, झाड नाही, शेळीवाली नाही. विचारायला चिटपाखरू नाही. सव्वादोन वाजले होते. त्यानं व्हॅन डावीकडच्या पट्ट्यात धरली आणि डोळे आकड्यांवर लावले. तीनला चढलोय, म्हणजे आता चार येणार, मग पाच.

पाटी आली. तिच्यावर दोनचा आकडा होता.

गुरुलिंगला वाटलं, आपलं चुकलं असेल बघायला. पण मनात किडा वळवळायला लागला. त्या पोरानं नीट ऐकलं का? की मागच्याचा हॉर्न चुकवायला कुठलाही हात दाखवला? तो छातीवरचा खिसा चाचपत राहिला. मग पुढची पाटी आली, तिच्यावर एक.

आता शंका उरली नाही. तीन, दोन, एक. आपण उलटे चाललोय. सोळा तिकडं पाठीमागं राहिलं आणि आपण दर मिनिटाला लांब जातोय. एकनंतर काय, शून्य? रस्ताच संपणार? पोरगी बॅगांवर बसलेली डोळ्यांसमोर आली. तिनं चार वर्षं रात्रपाळ्या करून, इंग्रजीची परीक्षा दोनदा देऊन हा दिवस आणला होता, आणि बाप तिचा पासपोर्ट खिशात घालून उलट्या दिशेला पळत होता. गुरुलिंगला मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर एक हुंदका बाहेर आलाही. गाडीत कुणी नव्हतं, म्हणून चाललं.

त्यानं ठरवलं, इथंच खाली उतरायचं. खाली माणसं असतील, कुणीतरी सांगेल. डावा दिवा लावला, व्हॅन उताराच्या पट्ट्यात घेतली. डोक्यावर भली मोठी हिरवी पाटी येत होती. आयुष्यभराच्या सवयीनं त्याची नजर तिच्यावरून घसरून पुढं माणूस शोधायला गेली. माणूस नव्हताच. तेव्हा कुठं ती नाइलाजानं पाटीवर परतली.

वर इंग्रजी होतं, ते त्याच्या कामाचं नव्हतं. त्याच्या खालच्या ओळीत गोल गोल अक्षरं होती. तेलुगू. पण ती अक्षरं गुरुलिंगकडं ओळखीच्या माणसासारखी बघत होती. कानडीचीच बहीण, डोक्यावरची टोपी जरा वेगळी, एवढाच फरक. 'श' शाळेतल्या 'श'सारखाच. त्याच्यापुढं टिंब. त्याचे ओठ हलायला लागले, पन्नास वर्षांपूर्वी पाटीवर बोट ठेवून हलायचे तसे.

"शं... षा... बा... द्."

शेजारी बाण होता, सरळ वर.

"शंषाबाद!" गुरुलिंग एवढ्यानं ओरडला की स्वतःच दचकला. त्यानं दिवा बंद केला, आरशात पाहिलं, व्हॅन पुन्हा सरळ पट्ट्यात घेतली आणि उतार डावीकडं निघून गेला. आकडा काही म्हणू दे, अक्षर सरळ जा म्हणत होतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं पाटीवर विश्वास ठेवला होता.

पुढची पाटी आली. तिच्यावर आकडा होता एकोणीस.

एक क्षण त्याला काहीच कळलं नाही. मग कळलं आणि तो हसत सुटला. अरे, रिंग रोड म्हणजे रिंगच की! भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागं फिरवला तर एकच्या मागं बाराच येणार. शून्य कुठून येईल? अठरा आला, तो हसत होता. सतरा आला, त्यानं डोळे पुसले. सोळाला दिवा लावून तो राजासारखा खाली उतरला.

तीनला सात मिनिटं कमी असताना व्हॅन विमानतळाच्या दारापाशी थांबली. चंद्रिका धावत आली. तिनं पासपोर्ट उघडून बघितला, वरच्या पुठ्ठ्यावरची विभूती बोटानं पुसली आणि तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. मग बापाच्या खांद्यावर डोकं टेकून तिनं लांब श्वास सोडला.

"अप्पा, कुणाला विचारलंत ओ? वर तर कुणीच नसतंय. मी सकाळपासनं त्याच भ्यानं बसले होते."

"वाचलं," गुरुलिंग म्हणाला.

मग तिनं दाराच्या वरच्या पाटीकडं बोट केलं आणि लहानपणी ऐकलेला मास्तराचा आवाज काढला, "सांगा बघू, काय लिहिलंय?"

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं, तेव्हापासून. गुरुलिंगनं मान खाली घातली नाही. वर बघितलं, तिथंही खालची ओळ तेलुगूच होती, आणि अक्षर अक्षर जुळवत त्यानं ती शेवटपर्यंत वाचली. अर्थ काय कळला, ते देवाला ठाऊक.

"शाब्बास," चंद्रिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "आता मी निवांत जाते. पुढच्या सीटवर कुणी नसलं तरी चालतंय."

"होगि बा, मगळे," तो म्हणाला, कानडीत, अगदी मोकळ्या आवाजात. जाऊन ये, पोरी. बॅगांची गाडी ढकलत ती आत गेली आणि काचेमागून दोनदा हात हलवला.

व्हॅनमध्ये बसून त्यानं घरी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत चंद्रव्वानं उचलला. सकाळपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"गेली आत. येळेत," गुरुलिंग म्हणाला. "आता तू चार घास खा."

पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग चंद्रव्वा म्हणाली, "आनि तुमी? एकलेच हाय की. येताना रस्ता कुनाला इचारनार?"

गुरुलिंगनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला. "इचारायला काय झालं? सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. मंग एक, दोन, तीन. आनि तीनला उतरलं की सोलापूर."