चिदंबररावांचं पान

सांबार कुणाच्या घरचं चांगलं, यावरून तंजावरात भांडण लावायचं तर दोन मराठी माणसं पुरतात, तिसरं लागत नाही. पण रेल्वे लायनीपलीकडच्या वेदकोविलातलं सुगीचं सांबार चिदंबररावांनीच करावं, यावर साऱ्या पेठेचं एकमत होतं. ख्रिस्ती देवळाला तिकडे वेदकोविल म्हणतात. पोंगल झाला, भात घरात आलं, की पुढच्या रविवारी तिथं सुगीचा सण. आणि चौसष्ट सालापासून त्या दिवशीच्या चुलीपुढं हा धोतर वर खोचलेला, जानव्याला किल्ली बांधलेला मराठी आचारी उभा.

आता तुम्ही म्हणाल, हा देशस्थ ब्राह्मण तिथं कसा शिरला? त्याला कारण स्वामीदास अय्या, तेव्हाचे पादरी. मानाच्या माणसाला तिकडे अय्या म्हणतात. त्या काळी वेदकोविलातसुद्धा जातीजातीची बाकं वेगळी होती, मग पंगतीचं काय विचारता! स्वामीदास अय्या एका सकाळी थेट चिदंबररावांच्या ओसरीवर येऊन बसले.

"गुडघे टेकायला लोक एकत्र येतात," ते म्हणाले, "पान मांडलं की पळतात. मला एकच पंगत बसवायची आहे. आमचे, तुमचे, रस्ता झाडणारे, सगळे. जेवण शाकाहारी आणि तुझ्या हातचं. मग कोण नाही म्हणतो, ते बघतोच मी."

दाराआडून आई, चंद्रमतीबाई, सगळं ऐकत होत्या. पादरी गेल्यावर म्हणाल्या, "रांधायला जा रे. रांधणं हा आपला धंदा. पण तिथलं एक शीत तोंडात घातलंस, तर माझ्या हातचं पाणी तुज नाही." चिदंबररावांनी आईच्या पायांवर हात ठेवला. सत्तावीस वर्षांचं वय, आईपुढं बोलायची प्राज्ञा नव्हती.

आणि झालं असं, की अय्यांची युक्ती लागू पडली. पहिल्या वर्षी लोक अंग चोरून बसले, दुसऱ्या वर्षी मांडीला मांडी लागली, पाचव्या वर्षी शेजारच्याच्या पानावर अप्पळम पापड टाकून "खा की रे" म्हणू लागले. कबरी खणणाऱ्या अंदोणीशेजारी तालुक्याचे कारकून बसले. सगळे बसले, बसले नाहीत ते एकटे चिदंबरराव. ज्याच्या हातामुळं पंगत बसली, तोच आपला व्हरांड्यात घरून आणलेलं ताक पीत उभा! अय्यांनी कधी आग्रह केला नाही. फक्त शेवटच्या पंगतीच्या टोकाला एक पान जास्त मांडायला लावायचे. "हे चिदंबराचं." त्यावर कुणी काही वाढायचं नाही, कुणी बसायचं नाही. पंगत उठली की ते कोरं पान गाईला.

आई गेल्या, अय्या गेले. शपथ गेली नाही आणि पानही गेलं नाही. चिदंबरराव दर वर्षी व्हरांड्यातून त्या हिरव्यागार पानाकडे बघायचे. बसावंसं वाटायचं हो, कुणाला नाही वाटणार? आपल्याच हातचं अन्न, आपलीच माणसं, हसणं-खिदळणं, पानांचा तो ओला वास. पण पाय उचलायचा नाही.

मग नव्वदीची ती नवी वर्षं आली. पेठेत केबल आली, पिवळ्या पाट्यांचे फोनबूथ आले, पोरं मद्रासला संगणकाच्या नोकऱ्यांना गेली. वेदकोविलात ज्ञानराज नावाचे तरुण पादरी आले. माणूस वाईट नव्हता. पण हिशोबी डोक्याचा, आणि तरुण मंडळींनी त्याच्या कानी लागून ठरवलं, की तिरुच्चीचा केटरर बोलवायचा. तो डब्या भरून देतो. ज्यानं त्यानं डबी उचलावी नि घरी नेऊन खावी. अर्ध्या तासात सण खलास.

वेदकोविलातल्या निवृत्त शिक्षिका अरुळमणि टीचर तेव्हा भर सभेत उठल्या. "डबीत जेवायला आपण काय कैदी आहोत?" त्यांनी ज्ञानराजांना असं काही झापलं की एक वर्षाची मुदत मिळाली. सत्त्याण्णवचं जेवण चिदंबरराव करतील. नीट पार पडलं तर पंगत राहील, नाहीतर पुढल्या वर्षापासून डब्या.

आणि नेमकं त्याच वर्षी चिदंबररावांचं नाक गेलं.

ऐप्पसीतल्या, म्हणजे दिवाळीच्या महिन्यातल्या, तापात वास गेला तो परतलाच नाही. हिंगाची डबी नाकाशी धरली तरी खडू हुंगल्यासारखं. आचाऱ्याचं नाक जाणं म्हणजे काय, हे आचाऱ्यालाच विचारा. त्यात यांचा नेम असा, की देवापुढं ठेवण्याआधी अन्न चाखायचं नाही. पादऱ्याची प्रार्थना हाच त्यांच्या लेखी नैवेद्य. त्याआधी पळीला जीभ लावणं नाही. तेहतीस वर्षं ते वाफेवर सांबार करत आले होते. वाफ हुंगायची आणि सांगायचं, चिंच कमी, मीठ झालं, उतरवा.

नाक गेल्याचं फक्त बायकोला, शेषम्मांना ठाऊक होतं.

"सांगून टाका की त्यांना," शेषम्मा म्हणाल्या.

"सांगितलं की डब्या आल्याच म्हणून समज. तू चल मजबरोबर. तुझं नाक उसनं दे."

"साठी उलटल्यावर माझं नाक आठवलं! इतकी वर्षं लांब आहे म्हणून चिडवत होतात." पण गेल्या बिचाऱ्या. पहाटेपासून तिन्ही हंड्यांवर वाकून वाकून त्यांनी हिंग सांगितला, चिंच सांगितली, डाळीचा कच्चा वास गेलेला सांगितला. मिठाची ओंजळ चिदंबररावांनी हातात घेतली, तेवढ्यात ज्ञानराज आले. बरोबर तिरुच्चीचा तो केटरर, कमरेला पेजर की काय तो लावलेला. "बघून जाऊ दे त्याला," ज्ञानराज म्हणाले. चिदंबररावांचं डोकं सटकलं. ओंजळ परत मिठाच्या भांड्यात रिकामी करून ते चुलीपुढं आडवे आले. "आज स्वयंपाक माझा आहे. बघायचं तर पंगतीत बसून बघा म्हणावं!"

माणूस गेला. राग गेला नाही. रागारागात त्यांनी हंड्यांवर झाकणं घातली. मीठ घातलंच, असं त्यांना वाटलं. यांनी घातलं, असं शेषम्मांना वाटलं.

प्रार्थना झाली, पंगती बसल्या. चिदंबरराव ताकाचं भांडं घेऊन नेहमीच्या जागी व्हरांड्यात उभे राहिले. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. लोक जेवत होते, आणखी भात मागत होते, येता-जाता हात जोडत होते. सगळं ठीक. पण मीठवाढ्या फार वेळा फिरत होता. मीठ पानाच्या कोपऱ्यात एकदा वाढतात, चिमूटभर. हा तिसऱ्यांदा निघाला होता. एक पोरगी काही बोलायला तोंड उघडते तोच अरुळमणि टीचरांनी तिला डोळ्यांनी दाबलं.

"टीचर, काय झालं?"

"काही नाही, अण्णा. ऊन आहे ना. घाम जातो, मीठ लागतं."

"तै महिन्यात? ऐन थंडीत?"

टीचर दुसरीकडे बघू लागल्या. चिदंबररावांनी शेषम्मांकडे पाहिलं; शेषम्मांनी पदर तोंडाला लावला होता. पंगतीतली माणसं मान खाली घालून मुकाट जेवत होती. सहाशे माणसांनी आपापल्या पानावर मीठ कालवलं होतं, आणि एकानंही हूं की चूं केलं नव्हतं. त्या टोकाला तो केटररही बसला होता, त्याच्याशेजारी ज्ञानराज. दोघंही मीठ कालवत होते.

शेवटची पंगत बसली. टोकाला कोरं पान.

ताकाचं भांडं चिदंबररावांनी कठड्यावर ठेवलं. आई, माफ कर, ते मनात म्हणाले, पण मी काय वाढलंय ते मला कळायला हवं. ते चालत गेले आणि आपल्या पानावर बसले.

सगळी पंगत थांबली. वाढप्याला काय करावं कळेना. त्या पानावर वाढायचं नसतं, एवढंच त्याला शिकवलेलं. "वाढ," चिदंबरराव म्हणाले. त्यानं भात वाढला, सांबार वाढलं. पहिला घास तोंडात गेला. मिठाचा कण नाही. डाळ शिजलेली, चिंच नेमकी, आणि सगळं अळणी. तेहतीस वर्षांनी स्वतःचं अन्न खाल्लं ते असं! त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले. पानाचा कोपरा चाचपला, तर तिथंही मीठ नाही. मिठाचं भांडं शेजारच्या पानापर्यंत येऊन रिकामं झालं होतं.

शेजारी अंदोणी बसला होता. तोच कबरी खणणारा, आता म्हातारा. त्यानं आपल्या पानावरचं मीठ बोटानं निम्मं केलं. जेवत्या हातानं. निम्मं चिदंबररावांच्या पानावर सरकवलं. "कालवा अय्या," तो म्हणाला. "बाकी सगळं झकास झालंय."

चिदंबररावांनी कालवलं. पान चाटूनपुसून जेवले, पुन्हा भात घेतला.

हात धुताना ज्ञानराज जवळ आले.

"माझं नाक गेलंय," चिदंबररावच म्हणाले. "मी लपवलं, चुकलं माझं. पुढल्या वर्षी या तिरुच्चीवाल्याला रांधू द्या. पण डबी नाही. पान मांडायचं, आणि एकाच पंगतीत. कबूल?"

"कबूल," ज्ञानराज म्हणाले. "आणि तुमचं पान?"

"त्यावर वाढायला सांगा."

पुढल्या वर्षी सुगीच्या रविवारी चिदंबरराव उशिरा उठले, निवांत आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. निघताना परत स्वयंपाकघरात गेले आणि कागदात काहीतरी बांधू लागले.

"हे काय?" शेषम्मांनी विचारलं.

"मीठ," ते म्हणाले. "अंदोणीच्या शेजारी बसायचंय. असू दे दोघांपुरतं."