कौसाचा माग

ऑपरेशनांची नोंद आम्ही रजिस्टरात ठेवायचो, किश्श्यांची कधीच नाही. तरी आज ते रजिस्टर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि किस्से मात्र आम्ही जुने सोबती चहाला जमलो की आपोआप बाहेर पडतात!

त्र्याहत्तर साल. दुष्काळ नुकताच सरला होता. पुण्याचे बापट सर दर पंधरा दिवसांनी रविवारी पाथर्डीजवळच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात यायचे आणि वाकड्या पायांची ऑपरेशनं फुकट करायचे. भूल मी द्यायचे. सरांच्या हाताला यश होतं, पण जीभ भलती तिखट. एस.टी.त माझ्याशी वाद घालत यायचे आणि टेबलापाशी उभे राहिले की देवमाणूस!

*

एका बाईच्या मुलाचे दोन्ही पाय आत वळलेले. सर म्हणाले, "दोन्ही एकदमच करू."

"नगं. आदी येकच करा."

"का?"

"पहिली भाकर कशी हुती ते बघितल्याबिगर मी दुसरी थापत न्हाई."

सरांनी कागदावरचं 'दोन्ही' खोडलं आणि 'एक' लिहिलं. तीन महिन्यांनी बाई पोराला कडेवर घेऊन हजर. "पहिली फुगली बरं का डागदर. आता दुसरी टाका!"

*

प्लास्टर घालायला इब्राहिमभाई. मूळचे नगरचे गवंडी. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला आणि पेशंटच्या गुडघ्यापासून दोरी सोडली.

सर भडकले. "अहो, हा पाय आहे, भिंत नाही!"

"म्हनून तर, सायेब. भिंत वाकडी झाली तर पाडून बांधता येती."

पुढच्या खेपेला ऑपरेशन संपलं. प्लास्टरची वेळ आली. सरांनी मान वर न करता हात पुढे केला आणि म्हणाले, "ओळंबा!"

*

आता कौसा. बारा वर्षांची, उजवा पाय जन्मापासून वाकडा. पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायची. दवाखान्याला लागूनच नामदेवतात्यांचं रान, आणि बांधावर बोरी. धुळीतला माग, म्हणजे पावलांचे ठसे बघून कोण येऊन गेलं ते तात्या अचूक सांगायचे. बोरं दहा पोरं चोरायची, पण दरसाल सापडायची ती एकटी कौसा!

ऑपरेशनच्या आधी तिनं सरांना विचारलं, "डागदर, माजा माग समद्यांसारखा हुईल का?"

सर थापा मारत नसत. "पाय टेकेल. मागाचं सांगत नाही. फार उशिरा आलीस बाळ."

तात्या दारातच उभे होते. म्हणाले, "देवानं घडवलेला माग हाय त्यो. डागदर काय बदलनार?"

सर असे काही लाल झाले की मला वाटलं, आधी यांनाच भूल द्यावी!

मी कौसाला आकडे मोजायला सांगितले. तिला येत नव्हते. म्हटलं, शेळ्यांची नावं घे. "चिंगी, काळी, बांडी..." करत ती झोपली. दोन तासांनी डोळे उघडले आणि पहिला शब्द काय? "...आन् ढवळी."

*

तिचे आई-बाप ऊसतोडीला गेले होते, ती मामाकडे. पंधरा दिवसांनी पाहतो तर प्लास्टरला चिखल!

"चालू नकोस म्हणून बजावलं होतं ना?" सर कडाडले.

"मी कुटं चालले? शेळ्या चालल्या. मी नुस्ती मागनं गेले."

सरांनी तोंड फिरवलं. हसू दाबायला हो! मग इब्राहिमभाईंनी नवं प्लास्टर घातलं, ओळंबा लावून.

*

प्लास्टर निघाल्याला महिना झाला होता. आम्ही चहा घेत होतो, कौसा पाय दाखवायला येऊन बाकावर बसली होती. तेवढ्यात तात्या तणतणत आले.

"माजी बोरं झोडली कुनीतरी! माग पार हितवर आलाय."

"कौसा असेल," मी सहज बोलून गेले.

"न्हाई वो बाई. तिचा माग मी झोपंत बी वळकीन. ही दोनी पावलं सरळ हायती. टाच, बोटं, समदं उमटलंय. उजवं तेवढं बोटभर बारकं हाय."

सरांनी कप खाली ठेवला.

तात्यांनी कौसाच्या डोक्यावर हात ठेवला. "तू बस पोरी. औंदा तुजं नाव न्हाई."

कौसानं नुसतं गप्प बसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती सुटली होती!

ती उठली. अंगणात गेली. धुळीतल्या त्या ठशाशेजारी तिनं उजवा पाय दाबून उमटवला आणि ओच्यातली सगळी बोरं खाली सोडली.

"तात्या, म्याच! म्याच चोरली!" गावाला ऐकू जाईल एवढ्यानं ती ओरडत होती.

तात्या वाकले. एक ठसा वितीनं मोजला, मग दुसरा. सरांनी खालचं एक बोर उचलून तोंडात टाकलं. चोरीचं आहे हे माहीत असून!

तात्या उठले. घरी निघाले, आणि जाताना त्या दोन ठशांना वळसा घालून गेले.